शेतांत सांपडणारीं हाडें व त्यांची ओळख

रब्बीचें पीक निघून जमीन नांगरटीस मोकळी झाली म्हणजे फाळाच्या तोंडीं ढेकळांबरोबर कांहीं ना कांहीं वर येतेंच. खापराचा तुकडा, एखादा जुना पैसा, फुटकी बांगडी, आणि पुष्कळदां एखादें हाड. ओढ्याच्या कांठीं, गायरानांत, उसाच्या फडांत, माळावरच्या बोरीबाभळींखालीं तर अशीं हाडें नित्याचींच आहेत. बहुतेक शेतकरी बंधू तीं बांधावर फेकून आपल्या कामास लागतात. परंतु कधीं कधीं त्याच हाडावरून गांवांत कुजबूज उठते. कोणी म्हणतो तें वासराचें, कोणी म्हणतो हरणाचें, कोणी म्हणतो माणसाचें. आणि नीट तपास होण्यापूर्वींच एखाद्या गरिबावर आळ येऊन बसतो. हाड बोलत नाहीं, हें खरें. पण पाहणाऱ्यास दृष्टि असेल तर तें पुष्कळ सांगतें. ही दृष्टि कशी आणावी, एवढेंच या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शोधाचें क्षेत्र

परभणी जिल्हा हा मुख्यतः गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या कांठचा काळ्या जमिनीचा मुलूख. उत्तरेस जिंतूरकडील डोंगर व दक्षिणेस गंगाखेडकडील बालाघाटच्या टेकड्या, एवढाच काय तो रानाचा आसरा. अशा मुलखांत रानजनावरें मोजकींच असणार. काळवीट, रोही, रानडुक्कर, कोल्हा, खोकड, लांडगा, तरस, रानमांजर, ससा, सायाळ, मुंगूस, वानर, मोर, घोरपड हीं मुख्य. चिंकारा व बिबट्या हे क्वचित्. त्यांत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, गाढव, कुत्रा व मांजर हीं पाळीव जनावरें मिळविलीं म्हणजे एकंदर पंचविसाच्या आंत संख्या येते. हाडाचा धनी शोधावयाचा तो बहुधा एवढ्यांतूनच. वाघ, गवा, सांबर यांची कल्पना करण्यापूर्वीं आपल्या शिवारांत वावरणाऱ्या जनावरांचा विचार करावा, हा पहिला नियम.

हाडें पूर्वींपेक्षां अधिक दिसूं लागलीं याचेंही कारण सांगण्यासारखें आहे. गिधाडें होतीं तेव्हां मेलेल्या जनावराचा सांगाडा थोड्याच वेळांत स्वच्छ होत असे. गुरांस देण्यांत येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळें गिधाडांचा संहार झाला, हें २००४ सालीं सिद्ध झालें, व २००६ सालीं भारत सरकारनें गुरांसाठीं त्या औषधाची बंदी केली. परंतु गेलेलीं गिधाडें परत आलीं नाहींत. आतां तें काम भटकीं कुत्रीं करतात, आणि तीं हाडें शिवारभर पांगवितात. एका जनावराचीं हाडें चार शेतांत सांपडतात, तीं यामुळेंच.

आरंभींची सावधगिरी

ज्या हाडांस मांस, कातडें किंवा ओल आहे त्यांस हात लावूं नये. गुरें अकस्मात् मरून नाकातोंडावाटे काळसर, न गोठणारें रक्त आलें असेल तर तो फाशी रोग असण्याचा संभव असतो. माणसास त्याचीच काळपुळी होते. या रोगाचें बीज मातींत व हाडांत कित्येक वर्षें जिवंत राहतें. स्कॉटलंडजवळील ग्रुइनार्ड नांवाच्या बेटावर १९४२ सालीं या रोगजंतूंचा युद्धोपयोगी प्रयोग केला होता. तें बेट निर्धोक झाल्याचें जाहीर होण्यास १९९० साल उजाडलें. एवढ्यावरून त्याची चिवटाई ध्यानांत यावी. अशा जनावराचें शव चिरूं नये, पशुवैद्यास कळवावें, व त्यांच्या सांगण्याप्रमाणें चुना टाकून खोल पुरावें.

दुसरी गोष्ट. आपली जनावरें माळावर हाडें चघळतांना दिसलीं तर तिकडे काणाडोळा करूं नये. चाऱ्यांत स्फुरद कमी पडलें म्हणजे जनावरांस ही खोड लागते. आणि कुजक्या हाडांतील विषामुळें त्यांचे पाय लुळे पडून तीं दगावतात. दक्षिण आफ्रिकेंत सर आर्नोल्ड थेलर यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं या रोगाचा छडा लावला. उपाय दोन: माळ हाडांपासून स्वच्छ ठेवणें, व पशुवैद्याच्या सल्ल्यानें गुरांस क्षारांचें मिश्रण देणें.

दांतांवरून ओळख

हाडांचा ढीग दिसला तर त्यांत आधीं जबडा शोधावा. एका जबड्यावरून जें कळतें तें दहा बरगड्यांवरून कळत नाहीं.

वरच्या जबड्यास पुढें दांतच नसतील तर तें जनावर रवंथ करणारें जाणावें. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, काळवीट, चिंकारा, रोही या सर्वांस पुढचे दांत खालींच, आठ, आणि दाढा वर व खालीं प्रत्येक बाजूस सहा सहा, एकूण ३२. दाढेच्या माथ्यावर चंद्रकोरीसारख्या रेघा दिसतात. घोडा व गाढव यांस पुढचे दांत वर व खालीं सहा सहा असल्यानें त्यांची ओळख तेव्हांच पटते.

रानडुकराचे दांत ४४. त्याच्या दाढांचे माथे माणसाच्या दाढेप्रमाणें गांठीगांठींचे असतात, व नराचे खालचे सुळे तिधारी असून बाहेर वळलेले असतात. डुकराची सुटी दाढ पाहून ती माणसाची असावी असा भ्रम होतो, तो या गांठींमुळें.

कुत्रा, लांडगा, कोल्हा व खोकड यांस ४२ दांत, फरक आकाराचा. खोकडाची कवटी सर्वांत लहान व नाजूक, कोल्ह्याची मध्यम, लांडग्याची मोठी. परंतु गांवांतील थोराड कुत्रा व लांडगा यांचा निवाडा नुसत्या कवटीवरून घरच्या घरीं करूं नये. तें काम जाणत्यांचें. मांजरकुळांतील जनावरांस, म्हणजे रानमांजर व बिबट्या यांस, दांत ३० च असून तोंड आखूड असतें. तरसाचे ३४; त्याच्या दाढा जाड सुळक्यांसारख्या असतात, कारण हाड फोडणें हाच त्याचा धंदा.

सशास २८ दांत. वरच्या पटाशीच्या दांतांमागें आणखी दोन बारीक दांत लपलेले असतात व नाकाच्या बाजूचें हाड जाळीदार असतें. सायाळीचे २०, व पुढचे दांत नारिंगी रंगाचे. वानरास माणसाप्रमाणेंच ३२ दांत असतात. परंतु त्याचे सुळे लांब असून त्यांच्यापुढें फट असते, व भुवयांचा कंगोरा पुढें आलेला असतो. वानराच्या हातापायांचीं हाडें पाहून मूल पुरलें असावें, अशी अफवा उठणें सहज शक्य आहे. म्हणून अशा वेळीं कवटी शोधावी. मात्र स्वतः निकाल देऊं नये.

शिंगांवरून ओळख

लोक सर्रास सर्वांस हरीण म्हणतात. पण शिंगांचे प्रकार दोन आहेत. सांबर, चितळ यांची शिंगें भरीव हाडाचीं, फांद्या फुटलेलीं, व ठराविक काळानें गळून पडणारीं. आपल्या जिल्ह्यांतील काळवीट, चिंकारा, रोही यांचीं शिंगें गाईशेळीप्रमाणें आंत हाडाचा खुंट व वर शिंगाची खोळ अशीं असतात, त्यांस फांद्या फुटत नाहींत व तीं गळत नाहींत. मेल्यानंतर खोळ निघून जाते व खुंट कवटीस राहतो. पुष्कळांस तो खुंट ओळखूं येत नाहीं.

काळवीट नराचें शिंग गोल, पीळदार व वळ्यांचें. मादीस बहुधा शिंगें नसतात. चिंकाऱ्याचें शिंग आखूड, सडपातळ व किंचित् बांकदार. रोह्याचें शिंग वीतभर, सरळ व गुळगुळीत; तेंही नरासच. शेळीचें शिंग बाजूंनीं चपटें असून मागें वळतें, व बुडाशीं त्याचा खुंट पोकळ असतो. आपल्याकडील उस्मानाबादी शेळींत हें सहज पाहतां येईल. म्हशीचें शिंग चपटें व तिधारी, गाईबैलाचें गोल.

पायांच्या हाडांवरून ओळख

दांत व शिंगें दोन्ही नसतील तर खुराच्या वरची नळी पाहावी. रवंथ करणाऱ्या जनावराची ती एकच नळी असते, तिच्या पुढल्या अंगानें उभी खांच असते, आणि खालच्या टोंकास रहाटाच्या कप्पीसारखे दोन गोलवे असतात; दोन खुरांचे ते दोन. घोड्यागाढवाच्या नळीस एकच गोलवा, व मागें दोन बारीक कामट्या चिकटलेल्या. डुकरास चार आखूड हाडें सुटीं, आणि कुत्र्यामांजरांच्या जातीस चार-पांच बारीक हाडें.

येथें एक गोष्ट फार उपयोगाची आहे. लहान वासराच्या हाडांचीं टोंकें जुळलेलीं नसतात. सांगाडा वाळला कीं तीं सुटून पडतात व हाडाचें टोंक खडबडीत दिसतें. तेव्हां शेळीएवढी नळी सांपडली आणि तिचें टोंक सुटलेलें असेल, तर ती मोठ्या जातीच्या वासराची असूं शकेल. टोंक पक्कें जुळलेलें असेल, तर तें लहान जातीचें पुरतें वाढलेलें जनावर होय. वासरूं कीं काळवीट हा वाद पुष्कळ वेळां एवढ्यानें मिटतो. रोह्याची नळी गाईच्या नळीपेक्षां लांबट व सडपातळ असते. शेळी, मेंढी व काळवीट यांच्या नळ्या मात्र इतक्या सारख्या असतात कीं, शिंग किंवा कवटी नसतां निश्चयानें बोलणें धाडसाचें होय.

किरकोळ हाडांपैकीं पक्ष्यांचीं हाडें पोकळ व हलकीं असतात; मोराच्या पायाच्या नळीवर आर असते. कासवाच्या पाठीचे तुकडे खापरासारखे दिसतात, पण त्यांच्या कडा दांतेरी असतात. सापाच्या मणक्यास एका अंगास वाटी व दुसऱ्या अंगास गोळी असते. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या नरांच्या जननेंद्रियांत एक खांचेचें लांबट हाड असतें. तें पाहून पुष्कळ जण बुचकळ्यांत पडतात.

हाडावरील खुणा

हाड कोणाचें हें कळल्यावर त्यास काय झालें हा प्रश्न येतो. कुत्रीं व कोल्हे हाडाचीं मऊ टोंकें चघळतात व तेथें खळगे पडतात. तरस जाड नळीसुद्धां फोडून खातो, व त्यामुळें त्याची विष्ठा वाळली कीं पांढरी पडते. सायाळ वाळलेलीं हाडें कुरतडते. तिच्या दांतांच्या रुंद, समांतर खाचा पटाशीनें तासल्यासारख्या दिसतात. सुरीची खूण बारीक, सरळ व खोल असून बहुधा सांध्याजवळ असते. नांगराच्या फाळाचा घाव हा ताजा, आंतून फिकट रंगाचा दिसतो. त्यास जुना घाव समजूं नये.

परंतु एवढें ध्यानांत ठेवावें कीं, दांतांच्या खुणा हाड कोणीं खाल्लें हें सांगतात; जनावर कोणीं मारलें हें सांगत नाहींत. रोगानें मेलेलें वासरूं कुत्र्यांनीं खाल्लें तरी खुणा त्याच पडणार.

एक प्रकरण

आम्ही महसूल खात्यांत कारकून असतां एका प्रकरणाचे कागद आमच्या टेबलावर आले होते. एका गांवीं नाल्याच्या कांठीं जबड्याचा तुकडा, दोनतीन नळ्या व मोडकें शिंग मिळालें. जवळच पारध्यांचीं पालें होतीं. पंचनाम्यांत पहिल्याच ओळींत "हरणाचीं हाडें" असें लिहिलें गेलें, आणि त्या एका शब्दावर दोघां भावांस रात्रभर बसवून ठेवण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं पशुवैद्य आले. शिंग चपटें, मागें वळलेलें, खुंट बुडाशीं पोकळ. सांध्याजवळ सुरीच्या खुणा. हाडें शेळीचीं होतीं. मागल्याच महिन्यांत तेथून जवळ जत्रा भरली होती व नवसाचीं बकरीं कापलीं गेलीं होतीं, हें सर्व गांवास ठाऊक होतें. पण कोणी बोललें नाहीं. भाऊ सुटले. त्यांच्या बायकामुलांनीं ती रात्र कशी काढली असेल, याची नोंद कागदांत नव्हती.

पारधी समाजास १८७१ च्या कायद्यानें सुरू झालेल्या पद्धतीनें जन्मतःच गुन्हेगार ठरविलें जाई. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. लोकांच्या मनांतून मात्र तो अद्याप पुरता गेलेला नाहीं. आणि संशय हा नेहमीं दुबळ्याच्या दारीं जातो. म्हणून आम्ही आग्रहानें सांगतों: पंचनाम्यांत जें दिसतें तेंच लिहावें, जें वाटतें तें लिहूं नये. "हरणाचें हाड" असें न लिहितां "एक नळी, लांबी इतके बोटें, खालीं दोन गोलवे, टोंक जुळलेलें, एक शिंग, चपटें, मागें वळलेलें" असें लिहावें. नांव ठेवण्याचें काम जाणत्याकडे सोपवावें. पंच म्हणून सही करणाऱ्यानें तरी सही करण्यापूर्वीं तो मजकूर वाचून पाहावा.

हाड किती जुनें

ताजें हाड तेलकट व जड असतें. उन्हापावसांत तें पांढरें पडतें, मग लांबीच्या दिशेनें त्यास चिरा जातात, पापुद्रे सुटतात व शेवटीं ढलप्या होतात. केनियांतील अंबोसेली येथें बेहरेन्समेयर या विदुषीनें केलेल्या निरीक्षणांवरून १९७८ सालीं या अवस्थांचा क्रम प्रसिद्ध झाला. सावलींत व मातीखालीं हाच क्रम मंद होतो, म्हणून वर्षें मोजून सांगण्याचा मोह टाळावा.

आपल्या काळ्या जमिनीचा स्वभावही लक्षांत घ्यावा. ती चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असल्यानें तींत हाड टिकतें; कोंकणच्या आम्लधर्मी तांबड्या जमिनींत तें लवकर झिजून जातें. शिवाय उन्हाळ्यांत आपल्या जमिनीस हातहात खोल भेगा पडतात, त्यांत वरचें हाड खालीं जातें, व पावसाळ्यांत भेग मिटते. तेव्हां हाड दोन हात खोल सांपडलें म्हणून तें पुरातन, असें अनुमान काढणें चुकीचें ठरेल.

खरीं पुरातन हाडें निराळींच. नदीकांठच्या जुन्या, चुनखडीनें घट्ट झालेल्या वाळूच्या थरांत तीं मिळतात; जड, दगडासारखीं, आपटलीं तर खणखणणारीं. नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मधमेश्वर येथें गोदावरीच्या गाळांत सांपडलेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांचें वर्णन भूगर्भ खात्याच्या पिलग्रिम यांनीं १९०५ सालीं केलें. नर्मदेच्या गाळांत तर पाणघोड्याचींही हाडें मिळालीं आहेत. गोदावरी आपल्याही दारावरून वाहते; तिच्या दरडींत असें कांहीं दिसल्यास तें उपसून न काढतां जागेवर ठेवून कळविणें हेंच शहाणपणाचें. जागा सुटली कीं हाडाचें निम्मे मोल गेलें.

बांधांत कोळसा, खापरें व हाडें एकत्र मिळालीं तर कोणी ती सीमेची जुनी खूण म्हणून दावा सांगतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमेच्या गुप्त खुणांसाठीं दगड, हाडें, राख, खापऱ्या, कोळसे इत्यादि पुरण्यास सांगितलें आहे, हें खरें. परंतु आज हद्दीचा निकाल भूमि अभिलेखाच्या मोजणीनेंच होतो, हाडांनीं नव्हे.

कायदा व कर्तव्य

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणें रानजनावराचें शिंग, कवटी, कातडें, दांत हीं सरकारची मालमत्ता होत. तीं हातीं आल्यास ४८ तासांच्या आंत पोलिसांस किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे. काळवीट व चिंकारा हे पहिल्या अनुसूचींतील. तेव्हां सांपडलेलें शिंग दिवाणखान्यांत टांगणें किंवा सुळा ताइतांत घालणें हा हौसेचा विषय नसून अपराध आहे.

आपलें जनावर बिबट्यानें किंवा लांडग्यानें मारलें असा संशय असेल तर विलंब न करतां वनखात्यास वर्दी द्यावी, व पंचनामा होईपर्यंत शव हलवूं नये. गळ्यावरील सुळ्यांच्या खुणा, पायांचे माग, ओढून नेल्याचा माग यांवरून निर्णय होतो. आठवड्यानें उरलेल्या हाडांवरून होत नाहीं, व नुकसानभरपाईचा हक्क बुडतो. हाड माणसाचें असण्याची शंका आली तर तेथें कशासही हात न लावतां पोलीस पाटलास कळवावें. इतर शंकांसाठीं परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारखी संस्था जवळच आहे. शरीररचनेचें शिक्षण हा तेथील अभ्यासाचाच भाग असल्यानें हाडें ओळखणारे जाणकार तेथें भेटतात.

खताविषयीं एक शब्द

सांपडलेलीं हाडें कुटून शेतांत टाकावीं काय, असें पुष्कळ जण विचारतात. हाडांच्या खतांत शेंकडा २० ते २५ स्फुरदाम्ल व ३ ते ४ नत्र असतें. परंतु तें स्फुरद आम्लधर्मी जमिनींतच पिकास नीट मिळतें. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींत त्याचा गुण थोडा, आणि रोगट जनावराचें हाड कुटण्यांत जिवास धोका मोठा. म्हणून घरीं हाडें कुटूं नयेत. पाळीव जनावराचीं मोकाट पडलेलीं हाडें वेचून ओढ्याविहिरीपासून दूर खोल पुरावीं. गुरांच्या तोंडीं लागणार नाहींत व कुत्रीं उकरणार नाहींत, असें पाहावें.

सारांश, हाड दिसलें कीं प्रथम पाहावें, मग मोजावें, मग लिहावें, आणि नांव घेण्याची घाई सर्वांत शेवटीं करावी. मुलांस दांत मोजावयास व नळीचे गोलवे ओळखावयास शिकवावें. गांवांत असे दोन जाणते असले तर एका हाडावरून उठणारी अफवा पारावरच मिटेल, आणि ती कोणाच्या पालापर्यंत जाणार नाहीं.